दुर्बिणीच्या भोकापाशी गाठ आली, म्हणजे नेमकं काय झालं?

बेळगावच्या एका ऑपरेशन थिएटरात मी सव्वीस वर्षं सिस्टर होते. निवृत्त होऊन खानापूरला राहायला आले, तरी बायका फाईल घेऊन येतातच. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, डॉक्टरांचं समजावणं बरेचदा कन्नडात आणि घरातलं बोलणं मराठीत. एवढ्या भाषांमधून जाताना काहीतरी सांडतंच. ते उचलून हातात द्यायला कुणीतरी लागतं, म्हणून त्या येतात.

गेल्या पावसाळ्यात निपाणीकडची एकजण सासूबाईंना घेऊन आली. आठ महिन्यांपूर्वी गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरसाठी तिची पिशवी दुर्बिणीतून काढली होती. बेंबीच्या डावीकडं, जिथं एक भोक होतं, तिथं हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागत होती. दीड महिना तिनं ती कुणालाच दाखवली नव्हती, कारण सासूबाईंनी घरात आधीच निकाल देऊन टाकला होता: "म्या तेव्हाच सांगितलं होतं, कॅन्सरला कातर लावू नका. कातर लागली की पसरतंय ते."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. अथणीच्या बाईकडून ऐकलं, चंदगडहून आलेल्या बाईकडून ऐकलं, कन्नड बोलणाऱ्या बायकांकडूनही ऐकलं. अडाणीपणा म्हणून ते झटकून टाकता येतं, पण मला तसं करावंसं वाटत नाही. त्यात एक कण खरा आहे. तो नीट उलगडून कुणी सांगत नाही, आणि म्हणून उरलेलं सगळं खोटं बायका खरं धरून बसतात. गाठ झाकून ठेवतात, तपासणीला सुई टोचू देत नाहीत, आणि जे सहा महिन्यांपूर्वी सहज निघालं असतं ते घेऊन उशिरा येतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये काय करतात ते आधी सांगते. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचं भोक पाडतात, आणि खाली दोन-तीन त्याहून बारीक. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. मांडवाचं कापड वर उचलून धरावं तशी पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. प्रत्येक भोकात एक नळी बसवतात, तिला आम्ही पोर्ट म्हणतो. कॅमेरा, कात्री, चिमटा हे सगळं त्या नळ्यांमधून आत-बाहेर होत राहतं. हत्यारं हातात देणारी मीच असायचे, त्यामुळं ही ये-जा किती वेळा होते ते मला चांगलं ठाऊक आहे. काम झालं की वायू सोडतात, नळ्या काढतात, टाके घालतात. पुढं त्या नळीच्या वाटेवरच, म्हणजे तिथल्या कातडीत, चरबीत किंवा स्नायूत कॅन्सर उगवला, तर त्याला पोर्ट-साइट मेटास्टॅसिस म्हणतात. फाईलवर कधी नुसतं 'पीएसएम' लिहिलेलं असतं.

याची पहिली नोंद १९७८ सालची आहे, अंडाशयाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाची. पुढं नव्वदच्या दशकात मोठ्या आतड्याचा कॅन्सर दुर्बिणीतून काढायला सुरुवात झाली आणि जगभरचे सर्जन घाबरले. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका छोट्या अहवालात १४ रुग्णांपैकी ३ जणांच्या भोकांपाशी कॅन्सर परत आला होता. पाचातला एक! बऱ्याच ठिकाणी ही पद्धतच बाजूला ठेवली गेली. मग हात बसला, काळजी कशाकशाची घ्यायची ते कळत गेलं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या तुलनेचा निकाल आला, तेव्हा जखमेत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत एक टक्क्याच्या आत होतं, दुर्बिणीच्याही आणि पोट उघडून केलेल्याही. हे शेवटचं लक्षात ठेवा. मोठ्या चिरेतही कॅन्सर उगवू शकतो, तो काही एकट्या दुर्बिणीचा दोष नव्हे.

बायकांच्या कॅन्सरबद्दल सांगायचं तर न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयानं २००८ मध्ये आपल्या १६९४ रुग्णांचा हिशेब मांडला. भोकांपाशी कॅन्सर आला होता २० जणींना, म्हणजे शंभरात सुमारे एकीला. त्या वीसजणींपैकी बहुतेक सगळ्यांच्या पोटात किंवा शरीरात इतरत्रही त्याच वेळी आजार सापडला. म्हणजे भोकातली गाठ ही बरेचदा आत चाललेल्या गोष्टीची बाहेर दिसलेली खूण असते. भोक पाडलं नसतं तरी आजार आत वाढत होताच.

आता पेशी तिथं पोचतात कशा? माणसानं नेऊन ठेवल्यासारखा एक सरळ मार्ग आहे: कॅन्सर असलेला भाग अरुंद भोकातून उघडाच ओढून काढला, तर तो कडांना घासतो आणि तिथं पेशी चिकटतात. म्हणून तो पोटातच एका प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड आवळायचं आणि मग बाहेर काढायचा. आमच्याकडं विकतची पिशवी नसेल तेव्हा निर्जंतुक हातमोजा कापून, बांधून त्याची पिशवी करायचो. छोट्या गाठीला तो चालतो. मोठ्या गाठीला मात्र चांगली, न फाटणारी पिशवीच लागते, तिथं पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गर्भपिशवी बहुतेक वेळा भोकातून काढतच नाहीत, खालून योनीमार्गानं काढतात, आणि म्हणूनही तिथं धोका कमी राहतो.

दुसरा मार्ग हत्यारांचा. ज्या चिमट्यानं गाठ धरली तोच चिमटा नळीतून दहादा बाहेर येतो. नळी घट्ट बसलेली असेल तर तो भिंतीला लागत नाही. नळी सैल होऊन निसटली, परत ढकलली, पुन्हा निसटली, की भोकाची कड दर वेळी सोलली जाते.

तिसरा वायूचा. फुगवलेल्या पोटातला वायू नळीच्या कडेनं फुसफुसत बाहेर येतो, चुलीचा धूर कौलाच्या फटीतून निघावा तसा, आणि त्याबरोबर पेशी भोकाशी येऊन बसत असाव्यात, अशी एक समजूत आहे. प्रयोग झाले, पण ते एका बाजूचे निघाले नाहीत. तरी काळजी म्हणून नळ्या आत असतानाच त्यांच्या झडपा उघडून वायू सोडतात आणि मगच नळ्या ओढतात. फुगलेल्या पोटातून नळी फटकन काढू नये, हे आम्हाला शिकवलेलं होतं.

पण बी पडलं म्हणजे उगवलंच असं थोडंच असतं? स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं १८८९ मध्ये कॅन्सरबद्दल हेच लिहून ठेवलं: बी चारी दिशांना पडतं, उगवतं मात्र मानवणाऱ्या जमिनीतच. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं समजावायला नको. ज्वारीचा दाणा वाळलेल्या बांधावर पडला तर पाखरं खातात, तोच कुळवलेल्या ओल्या रानात पडला तर चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर. ताजी जखम हे कुळवलेलं रान आहे. ती भरून यावी म्हणून शरीर तिथं नव्या रक्तवाहिन्या पाठवतं, पेशींना वाढायचा निरोप देतं. तो निरोप कॅन्सरच्या पेशीलाही मिळतो.

तर सासूबाईंच्या वाक्यातला खरा कण हा. कात्रीमुळं पेशी हलू शकतात. पण तेवढ्यावरून 'ऑपरेशन करूच नका' असं ठरत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की कुठल्या अवयवाचा कॅन्सर आहे आणि तो कुठल्या वाटेनं काढायचा. याची उत्तरं अवयवागणिक वेगळी आहेत, आणि फाईलवर मात्र सगळ्यांचंच 'पिशवी काढली' एवढं एकच होऊन जातं.

अस्तराच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जायला लागतं आणि तपासल्यावर सापडतो त्यात, दुर्बीण चांगली. अमेरिकेत दुर्बीण आणि पोट उघडून अशा दोन गटांत २६१६ बायकांची तुलना झाली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडं ८९.८ टक्के, अगदी बरोबरीत. हा आजार असलेल्या बायका बरेचदा वजनानं जास्त असतात, साखर असते. त्यांची मोठी चीर लवकर भरत नाही, पू होतो, टाके उसवतात. त्यांना बारीक भोकांचा फायदा खरोखरच मिळतो.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं उलटं निघालं, आणि हे मी प्रत्येकीला थांबवून सांगते. २०१८ मध्ये ६३१ बायकांच्या अभ्यासाचा निकाल आला. सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर, एका गटात पोट उघडून ऑपरेशन, दुसऱ्यात दुर्बीण किंवा रोबो. साडेचार वर्षांनी आजार परत न आलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी हयात असलेल्या ९९ आणि ९३.८. फरक एवढा दिसू लागला की नव्या बायका घेणं मधेच थांबवावं लागलं. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. कारणांबद्दल अजून चर्चा आहे, पण एक गोष्ट मला थिएटरातल्या अनुभवावरून पटते: दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गर्भपिशवी हलवायला खालून एक दांडा घालतात, तो थेट तोंडावरच्या गाठीला घासतो. शिवाय योनी आतून कापली की ती गाठ वायूनं भरलेल्या पोटात उघडी पडते. युरोपातल्या नंतरच्या एका पाहणीत दांडा वापरला नव्हता त्या बायकांचे निकाल उघड्या ऑपरेशनच्या जवळ आले. तरी आज या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनला पोट उघडणं हीच पहिली पसंती आहे. 'मोठी चीर म्हणजे जुनाट डॉक्टर' असं इथं समजू नका.

अंडाशयाचं सगळ्यात नाजूक. आजार लवकरचा आहे असा संशय असेल तर ती गाठ अखंड बाहेर यायला हवी. ऑपरेशनमध्ये ती फुटली तर कॅन्सरचा टप्पाच बदलतो, पहिल्या टप्प्यातला 'अ' जाऊन 'क' लागतो, आणि केमोची गरज पडू शकते. गाठीतलं पाणी ओढून ती लहान करून काढणं साध्या सिस्टला, म्हणजे पाण्याच्या गाठीला, ठीक, संशयितला चुकीचं. सोनोग्राफीत भिंत जाड, आत घट्ट भाग, रक्तात सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणारं एक प्रथिन) वाढलेलं, असं काही असेल तर कॅन्सरच्या सर्जनकडं जाऊनच हात लावावा. आमच्या भागात अंडाशयाची गाठ छोट्या नर्सिंग होममध्ये दुर्बिणीनं फोडून मग रिपोर्ट कॅन्सरचा आला, असं मी पाहिलंय, एकदा नव्हे.

आजार पुढं गेलेला असतो, पोटात पाणी झालेलं असतं, तेव्हा दुर्बीण आत घालतात ती बघायला आणि तुकडा घ्यायला. अशा वेळी भोकांत कॅन्सर येण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. बेल्जियममधल्या एका अभ्यासात ते १७ टक्के निघालं. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना तपासणीनंतर तिसऱ्याच आठवड्यात बेंबीखाली गाठ आली. त्या मला म्हणाल्या, "अक्का, ते भोक पाडलंच नसतं तर?" मी त्यांना खरं तेच सांगितलं. तुकडा घेतल्याशिवाय कुठली केमो द्यायची ते ठरलं नसतं, आणि केमो नसती तर पोटातला आजार थांबला नसता. केमोच्या तीन फेऱ्यांनंतर भोकातली गाठ बोटांना लागेनाशी झाली. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी तेवढी कातडीही काढून टाकली.

फायब्रॉइडचंही, म्हणजे गर्भपिशवीतल्या मांसल गाठीचंही, सांगून टाकते, कारण पिशवी काढायला सांगितलेल्या कितीतरी जणींना तेच कारण असतं. ती गाठ साधी असते, पण मोठी असली की भोकातून निघत नाही, म्हणून फिरत्या पात्याच्या यंत्रानं पोटातच तिचे तुकडे करतात. तिच्यात सार्कोमा, म्हणजे मांसल भागाचा कॅन्सर, लपलेला असला तर तुकड्यांबरोबर तोही पोटभर उडतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं याबद्दल इशारा दिला. त्यांच्या अंदाजानं फायब्रॉइडसाठी ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांत एकीला असा न कळलेला सार्कोमा असतो. तुकडे करायचेच असले तर बंद पिशवीच्या आत, असं त्यांनी पुढं सांगितलं. आधी विचारून ठेवा.

आता गाठीकडं येऊ. भोकापाशी लागलेली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, किंबहुना बहुतेक नसतात. टाक्याच्या दोऱ्याभोवती शरीर कधी कधी कडक गाठोडं बांधतं. खोकल्यावर फुगणारी आणि आडवं पडल्यावर आत जाणारी गाठ असेल तर तो हर्निया, आणि तो मोठ्या भोकापाशी येतो. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी जांभळट गाठी येऊन पाण्यासारखा स्राव सुरू झाला आणि नेहमीच्या गोळ्यांनी बरं वाटेना, तर हत्यारांच्या स्वच्छतेत राहिलेल्या क्षयरोगाच्या भाऊबंद जंतूंचा तो त्रास असू शकतो. आपल्या देशात हे बऱ्याचदा दिसतं, औषध वेगळं आणि महिनोन्महिने घ्यावं लागतं. पाळी चालू असलेल्या बाईला दर महिन्याला पाळीच्या दिवसांतच जखमेत ठणका आणि सूज असेल तर तिथं गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा रुजलेला असतो, सिझेरियनच्या व्रणात हे जास्त. कॅन्सरची गाठ बहुधा कडक, सुरुवातीला न दुखणारी, खालच्या थराला धरून बसलेली आणि आठवड्या-आठवड्याला वाढणारी असते. पण बोटांवर विश्वास ठेवून निदान करू नका, माझ्याही बोटांवर नको. सोनोग्राफी करायची, सुईनं पेशी घ्यायच्या, गरज पडली तर सीटी स्कॅन करायचा.

सुईचं नाव काढलं की पुन्हा तीच भीती. अंडाशयाची संशयित गाठ पोटात असताना तिच्यात सुई घालत नाहीत, हे खरं, आणि कारण वर सांगितलंच. भोकापाशी कातडीखाली आलेल्या गाठीला तो नियम लागू नाही. ती कॅन्सरची निघाली तर सुईच्या वाटेसकट ती कापूनच काढायची असते. सुई न टोचता मात्र काहीच ठरत नाही.

आणि कॅन्सर निघालाच तर? आजार फक्त तेवढ्याच जागी असेल तर आजूबाजूचा निरोगी भाग आणि खालचा स्नायू धरून तो काढतात, भिंतीला भगदाड मोठं पडलं तर जाळी बसवतात, पुढं शेक (रेडिएशन) किंवा केमो. एकट्याच गाठीचा आजार बरेचदा आटोक्यात येतो. पोटात इतरत्रही असेल तर केमो आधी. यात 'आता काही उरलं नाही' असं म्हणून घरी बसण्यासारखं काही नाही. वेळ तेवढी महत्त्वाची.

ऑपरेशनच्या आधी सर्जनला काय विचारायचं, ते मी बायकांना फाईलच्या मागच्या पानावर मराठीत लिहून देते. माझ्या कॅन्सरला दुर्बीण चालते का, की पोट उघडणं बरं? गाठ अख्खी काढणार की तुकडे करून? पिशवीत घालून काढणार ना? एकीनं मला विचारलं होतं, "पिशवी पिशवीत घालून काढा, असं म्हणू?" तसंच म्हण म्हटलं, डॉक्टरांना बरोबर कळतं. असे प्रश्न विचारल्यानं चांगला सर्जन रागावत नाही. आणि दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन मधेच पोट उघडून पूर्ण करावं लागलं, तर ते अपयश समजू नका. गाठ फुटू नये म्हणून घेतलेला तो चांगला निर्णय असू शकतो.

आमच्या भागातल्या बाईची फाईल फार फिरते. बेळगावला ऑपरेशन, मिरजेला किंवा कोल्हापूरला शेक, कुणी हुबळीला, कुणी बंगळूरला किदवाई कॅन्सर रुग्णालयात, कुणी मुंबईला टाटात. प्रत्येक ठिकाणी नवे डॉक्टर विचारतात ते एकच: आधी नेमकं काय केलं? डिस्चार्जच्या कागदावर ते नसतं. म्हणून ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. कुठल्या भोकातून काय काढलं, गाठ फुटली का, पिशवी वापरली का, हे तिच्यात असतं. बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट घ्या. लॅबमध्ये तुमच्या गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या वड्यांत जपून ठेवलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. दुसरीकडं जाताना लेखी अर्ज केला की ब्लॉक आणि काचा (तुकड्यांचे पातळ काप लावलेल्या स्लाइड) मिळतात. ते बरोबर असले तर नव्या गाठीतल्या पेशी जुन्याच आजाराच्या आहेत का, हे शेजारी ठेवून बघता येतं.

निपाणीच्या त्या बाईची सोनोग्राफी दुसऱ्याच दिवशी झाली, मग सुई. सुई टोचताना सासूबाई बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. रिपोर्टला सहा दिवस लागले. टाक्याच्या दोऱ्याभोवतीची गाठ होती, कॅन्सरची पेशी एकही नव्हती. ऑपरेशन नोट त्यांच्याकडं नव्हतीच, ती आम्ही अर्ज करून मागवली. आता ती फाईल सासूबाईंच्याच ट्रंकेत असते, रेशनकार्डाला लागून, आणि दर तीन महिन्यांच्या तपासणीची तारीख त्याच सांगतात.